डाव्या बाहीचं माप

लेक आली ती बसलीसुद्धा नाही, आधी पिशवीतून स्वेटर काढला. फिकट निळा, बारीक विणीचा, छातीवर चहाचा डाग.

"आई, एवढा धुऊन दे ना. आईंनी महिनाभर खपून विणलाय. मशीनमध्ये घातला तर बाहुलीच्या मापाचा होईल."

आठ महिन्यांपूर्वी लग्न होईपर्यंत हिच्या तोंडी आई एकच होती.

"का, त्यांना नाही का धुता येत?"

"त्यांना डाग दाखवायचा नाहीये गं."

हे ऐकून जरा बरं वाटलं. स्वेटर तिकडचा, पण डाग तरी माझ्याकडे आला.

ती गेल्यावर मी स्वेटर उलटासुलटा करून पाहिला. सुटलेला टाका नाही, कुठे गाठ नाही. बाईंचा हात सुरेखच. माझं डोकं फिरलं.

लोकरीचा कपडा धुण्याआधी मी तो खाकी कागदावर पसरते आणि कडेकडेने पेन्सिलीची रेघ मारते. धुताना आकसला किंवा सैलावला तर त्या रेघेवर परत आणता येतो. रेघ मारता मारता दिसलं, डावी बाही बोटभर आखूड! टेप लावली. परत लावली. आखूडच.

"अहो, विहीणबाई चुकल्या!"

नवऱ्याने चष्म्यावरून पाहिलं. "स्वेटर धुतेयस की पंचनामा करतेयस?"

टबात गार पाणी घेतलं, झाकणभर शाम्पू. गरम पाण्याचा नळ शेजारीच होता. खोटं कशाला बोलू, हात गेला होता तिकडे. पण नाव माझं खराब झालं असतं. त्यापेक्षा चूक सुधारून देणं कितीतरी गोड. स्वेटर दहा मिनिटं बुडवून ठेवला, डागावर बोटाने थोपटलं. घासणं नाही, पिळणं नाही. तशाच गार पाण्यातून दोनदा काढला, टॉवेलात गुंडाळून हलकेच दाबला आणि सावलीत आडवा पसरला. मग डावी बाही हळूहळू ओढत उजवीच्या बरोबरीला आणली. रेघेच्या बाहेर बोटभर.

दोन दिवसांनी लेकीने तो अंगात घातला. डाग गेला होता. उजवी बाही मनगटावर थांबली, डावी तळव्यावर आली. तिने ती सवयीने दुमडली.

"दुमडू नकोस! किती वर्षं सांगतेय, बावळट दिसतं. मुद्दाम दोन्ही सारख्या केल्यात मी. चुकल्या होत्या तुझ्या सासूबाई."

"चुकल्या नव्हत्या गं. माझा डावा हातच आखूड आहे. नववीत कोपर मोडलं होतं ना, तेव्हापासून."

"मला कधी बोलली नाहीस."

"प्लास्टरच्या वेळी तूच जास्त रडलेलीस. मग काय सांगायचं?"

"आणि त्यांना सांगितलंस?"

"नाही. त्यांनी विणायच्या आधी दोन्ही हात मोजले."

दोन्ही हात. मी हिचे कपडे शिवले, सगळे एका हाताच्या मापावर. आणि त्या बाईने पहिल्याच स्वेटरला दुसरा हातही पुढे करायला सांगितला. मला तिचा फार हेवा वाटला.

"काढ तो," मी म्हटलं. "बाही परत ओली करावी लागेल."

"राहू दे ना, दुमडेन मी."

"काढ म्हणते ना. आणि हात पुढे कर."

काखेपासून मनगटापर्यंत टेप धरली. तिला गुदगुल्या झाल्या, ती वळवळली, मी दटावलं. कोपराशी हाड किंचित वाकडं लागत होतं. मी तिथे बोट जरा जास्त वेळ ठेवलं.

"पावणेसतरा."

"आईंनी साडेसोळा धरलं होतं."

"धरलं असेल," मी म्हटलं, आणि बाही पावणेसतरावर बसवली.