सायकलवरून वाचायचा फळा

मित्रांनो, फळा म्हटलं की तुमाले शाळा आठवते, पाढे आठवते, मास्तरची छडी आठवते. मी तसला नाही. मी भिलाईजवळच्या चरोद्याच्या रस्त्यावरचा, भागाबाईच्या चहाच्या टपरीवरचा एक जुना फळा आहे. माह्यावर कोणी बे एके बे लिवलं नाही. पण माह्यावरचं वाचून मिशीवाले मोठे माणसं पोट्ट्यासारखे भांडले, ते मी पायलं आहे.

मी जन्मानं इकडचा नाही. दूरच्या थंड मुलखातलं माहं झाड. तिथं बर्फ पडला की महिने महिने हालत नाही. आमी झाडं त्यात उभे राहो. थंडी लय झाली की आतून खोड तडके, बंदुकीसारखा आवाज निघे. मग एक रोज आरा आला, आमाले कापलं, आणि भिलाईच्या पोलादाच्या कारखान्यासाठी निघालेल्या मशिनीभोवती पेटी म्हणून ठोकलं. जहाजातून आलो, मालगाडीतून आलो, चरोद्याच्या रेल्वे यार्डात उतरलो. मशिनीले लोकाइनं हार घातला, नारळ फोडलं. मले कुदळीनं उचकटून बाजूले फेकलं. मशीन पोचली की पेटीले कोण विचारते?

विचारलं कवडूनं. कवडू यार्डातला खलाशी, म्हणजे रेल्वेचा मजूर, वस्तू पायली की त्याचे हात शिवशिवत. त्यानं माह्या फळ्या जोडल्या, दोन्हीकडून काळा रंग फासला. रंग कुठून आणला ते विचारू नका, वॅगनचाच होता. आणि भागाबाईच्या टपरीपुढं लोखंडी खांबाले मले आडवा टांगला.

ही भागाबाई भंडाऱ्याकडची. नवरा यार्डातच होता, तो वारला तवा तिनं चहाची टपरी टाकली. एकच पोरगा, पुंडलिक. तो फौजेत गेला होता. भागाबाईले अक्षर वाचता येत नव्हतं, पण ती मले वाचे. कसं? वाचणाऱ्याचं तोंड पाहून. समोरचा हासला तर बातमी चांगली, कपाळाले आठ्या पडल्या तर वाईट.

माहा एक कायदा होता. कारखान्याची पाळी सुटली की रस्त्यानं सायकलीच सायकली. कोणी उतरत नव्हतं. म्हणून जे लिवायचं ते एवढं मोठं लिवायचं की चालत्या सायकलवरून वाचता आलं पाहिजे. आणि हिंदीत, म्हणजे सगळ्या मुलखातून आलेल्या लोकाइले समजे. मोठ्या अक्षरानं लिवलं की आठ-दहा शब्दांत मी भरून जाओ. तरी तेवढ्यात काय काय मावे. नवी भट्टी पेटली, दुर्गची गाडी उशिरा आहे, काळी बकरी हरवली, कान तुटका आहे. बकरी सापडली तवा मालकानं माह्या पाया पडून गुलाल लावला होता.

एका होळीले चंपतनं लिवलं, ‘आज चाय मुफ्त.’ चंपत म्हणजे कारखान्यातला फिटर, अंगात दहा माकडं. टपरीवर ही गर्दी. भागाबाई हरखून चहा ओतून राहिली, आणि लोक पिऊन हसत चालले.

‘पैशे?’ तिनं विचारलं.

‘फळ्याले माग न, भागाबाई,’ चंपत म्हणे.

तिले समजलं तवा तिनं उकळत्या चहाची गाळणी घेऊन त्याले रस्त्याच्या टोकापर्यंत पळवलं. मग स्वतःच हासली. पैसे सगळ्याइनं दिले, चंपतनं तर दुप्पट दिले. मित्रांनो, तो माहा सोन्याचा काळ होता. खोटं लिवलं तरी त्यातून कोणाचं काही जात नव्हतं.

मग पक्ष आले. चंपत सरकारच्या विरुद्ध पक्षात गेला. दुसरा होता ओमप्रकाश, कापडाच्या दुकानात मोजमाप करे, तो सरकारच्या पक्षाचा. दोघाइले फळा पाहिजे. कवडूनं तोडगा काढला. कारखान्याकडं जाताना दिसते ती बाजू ओमप्रकाशची, घरी येताना दिसते ती चंपतची. एकाच माणसाले सकाळी एक बातमी, संध्याकाळी दुसरी. पण लोक बेरकी. ज्याची बाजू पटत नाही तिथं आली की तो सायकलच्या चेनीकडं पाहात पुढं निघून जाये.

बासष्ट सालची चीनसंगची लढाई लागली. तिकडं उत्तरेकडं, बर्फात. टपरीवर रोज रेडिओच्या बातम्यांवर काथ्याकूट. रेल्वेच्या कॉलनीत तुळसाबाईनं जवानांसाठी गरम कपडे जमा करायले घेतले, पत्र्याचा मोठा डबा भरला की तो गाडीनं तिकडं जाणार होता. तुळसाबाई गार्डाची बायको, कामाले वाघीण. तिनं घरोघर लोकर वाटली, ज्याइले येत नाही त्याइले विणायले शिकवलं. भागाबाईलेबी शिकवलं. भागाबाई चहा उकळेपर्यंत विणे, हिरव्या लोकरीचा सेटर. त्याची एक बाही लांब झाली.

‘भागाबाई, तुमचा जवान काय एका हातानं झाडाचे आंबे तोडते का?’ तुळसाबाई म्हणे.

‘उसवतो न, बाई. पुन्हा करतो.’ आणि तिनं खरंच पुरी बाही उसवून पुन्हा विणली. तिच्या मनात एकच. पुंडलिकले मिळो का दुसऱ्याच्या लेकाले मिळो, हा सेटर डब्यात बसून तिकडं गेला पाहिजे.

एक दिवस टपरीवर छाती फुगवून बोलणं चाललं होतं. कोणी म्हणे, ‘आपला जवान भेत नाही, त्याले थंडी वाजत नाही.’

भागाबाई कप विसळता विसळता बोलली, ‘भेव तर वाटतेच न जी. माह्या पुंडलिकले बी वाटते, मले सांगून गेला तो. तरी तो जागचा हालत नाही. म्हून म्हणतो, गरम कपडे द्या त्याले, बूट धड द्या.’

एवढंच. कोणाले काही वावगं वाटलं नाही. कवडूनं तर मान हलवली आणि आणखी एक चहा घेतला.

ते ओमप्रकाशच्या कानावर गेलं, आणि दुसऱ्या रोजी सकाळी त्यानं आपल्या बाजूवर लिवलं, ‘चायवाली बोली: जवान डरते हैं.’

चंपतनं ते पायलं. त्याले वाटलं, आपण बाईची बाजू घेऊ. त्यानं मागून लिवलं, ‘जवान की माँ पूछे: बेटे को नंगे पाँव क्यों भेजा?’

मित्रांनो, दोन्हीकडं माहीच काळी पाठ. दोन्हीकडं तिचंच नाव. आणि त्यातलं एकबी तिनं म्हटलं नव्हतं.

भागाबाईनं नेहमीसारखी तोंडं वाचायले घेतली. सायकली येत, तोंडं वाकडी होत, पुढं निघून जात. पाळीवर जाणारे रागानं पाहात, पाळीवरून येणारे तिले पाहून मुठी वर करून घोषणा देत. एकानं चहा तोंडात घेतला आणि तिच्यासमोर थुंकला. तिनं कवडूले हाक मारली. ‘कवडू भाऊ, काय लिवलं जी माह्याबद्दल?’

कवडूनं वाचून सांगतलं. हळूच सांगतलं, पण सांगतलं.

ती ओमप्रकाशच्या दुकानात गेली नाही, तोच माह्यापुढं सापडला. ‘बेटा, पुरं लिव न. तो हालत नाही, ते लिव. गरम कपडे द्या, ते लिव.’

‘मौसी, जगह कहाँ है?’ ओमप्रकाशनं बोटानं दाखवलं. ‘डरते हैं’ माह्या उजव्या काठापर्यंत गेलं होतं. खालच्या भागात फिरत्या टॉकीजची जाहिरात पक्क्या रंगानं रंगवलेली. ‘बारीक लिखूँगा तो साइकल से कोई पढ़ेगा?’

‘मग पुसून टाक.’

‘मिटाया तो लोग कहेंगे, ओमप्रकाश डर गया.’

चंपतकडं गेली. चंपत म्हणे, ‘भागाबाई, पुसायचं कावून? तुमी आमच्या सभेले चला. मंचावर बसा. सगळं तिथं बोला.’

‘तिथं मी पुरं बोलू शकतो का?’

‘बोला न. फक्त ते भेव वाटते वालं नका बोलू. त्यानं त्याइचा फायदा होते.’

भागाबाई टपरीवर परतली. होळीच्या दिवशी त्याच्यामागं गाळणी घेऊन पळणारी ती बाई. त्या रोजी तिच्या हातात गाळणी होती, पण ती उचलली नाही.

मग दुर्गच्या एका साप्ताहिकानं माह्यावरची ओमप्रकाशची ओळ उचलली आणि छापली. त्याच्या विरुद्ध दुसऱ्यानं चंपतची छापली. तुळसाबाई सेटर गोळा करायले टपरीवर आली तवा ती माह्याकडंच पाहात होती, भागाबाईकडं नाही.

‘तुमचा राहू द्या, भागाबाई.’

‘कावून? दोन्ही बाह्या सारख्या आहे आता. मोजून पाहा.’

‘बाह्यांचं नाही. बायका म्हणते, तुमचा घेतला तर आमी आमचे परत घेतो. मी काय करू? सगळा डबा रिकामा पाठवू?’

‘तुमाले माईत आहे न, मी काय म्हटलं ते?’

‘मी तिथं नव्हती,’ तुळसाबाई म्हणे. तिचा आवाज खाली गेला होता. ‘आणि जे होते ते बोलून नाही राहिले.’

ते खरं होतं. त्या दिवशी चहा पीत ऐकणारे किती होते. कवडू होता. एकही माणूस रस्त्यात उभा राहून म्हणाला नाही की बाई असं बोलली नाही. आणि मी तर तिथंच लटकलो होतो, दोन्ही कानांनी ऐकत. त्या पुऱ्या टपरीवर बर्फ पायलेला मी एकटा होतो. थंडीनं झाडाचं खोड तडकते, तिथं माणसाले भेव वाटणार नाही? पण फळ्याले खडू दुसऱ्याचा लागते.

सेटरचा डबा गाडीत चढला आणि गेला. भागाबाईनं ओलं फडकं घेतलं. माही एक बाजू पुसली, दुसरी पुसली. कोणी तिले अडवलं नाही. मग तिनं तो हिरवा सेटर माह्या वरच्या खिळ्याले अडकवला. सायकली जायच्या, लोकाइले वाचायले काही नव्हतं, नुसता सेटर. दोन बाह्या लोंबत, सारख्या. ओमप्रकाश आला, खडू हातात धरून उभा राहिला आणि परत गेला. चंपतही तसाच.

लढाई थांबली. फाल्गुनात पुंडलिक आला, काठी टेकत. पायाचे काही बोटं बर्फानं नेले होते. टपरीवर गर्दी झाली. त्यानं सेटर पायला, विचारलं, ‘माय, हा कोणाचा?’

‘तुहाच,’ भागाबाई म्हणाली. ‘गाडीत बसायचा राहून गेला.’

बाहेर ऊन असं की सायकलची सीट चटका द्यायची. त्यानं सेटर काढला, अंगात घातला आणि त्या उन्हात बसून चहा प्याला. घाम गळून राहिला होता, पण त्यानं तो उतरवला नाही. ओमप्रकाश होता तिथं, चंपतही होता. चंपतनं हळूच विचारलं, ‘पुंडलिक, भेव वाटत होतं का गा?’

‘वाटत होतं न. सगळ्याइलेच वाटत होतं. पण जाता कुठं? बाजूवाला उभा आहे तर आपण उभं राहायचं.’

 चंपतच्या खिशात खडू होता, त्याचं पांढरं टोक दिसून राहिलं होतं. मले वाटलं, आता हा उठते आणि लिवते. दोन बाजू आहे माह्या, दोन्हीवर लिवलं असतं तर मावलं असतं. तो उठला, चहाचे पैसे दिले, भागाबाईले म्हणे, ‘येतो,’ आणि सायकलवर बसून गेला. ओमप्रकाशही गेला. माह्यावर ते वाक्य कधीच लिवलं गेलं नाही.

मग माह्यावर बातम्या कमी झाल्या. रंग उडाला, वाळवीनं एक कोपरा खाल्ला. कवडूनं मले उतरवून दोन दगडांवर ठिवलं आणि माहा बाक केला. ज्याइले माह्यावर आपलं नाव पाहिजे होतं, ते आता माह्यावर बूड टेकते. हासा तुमी, मलेबी हासू येते.

मित्रांनो, उद्या तुमच्याही हातात खडू येईल. कोणी काय बोललं ते लिवायची घाई होईल. जागा कमी पडली तर तेवढं लिवू नका, थांबा, मोठा फळा शोधा. आणि कोणाचं पुरं बोलणं तुमी कानानं ऐकलं असेल, तर सायकलवरून उतरा आणि रस्त्यात उभं राहून सांगा. त्याले खडू लागत नाही. आणि जुना बाक दिसला तर त्याले उन्हातून सावलीत सरकवा, एवढी मेहेरबानी करा.

थंडी पडली की पुंडलिक हिरवा सेटर घालून येते, माह्यावर बसते. ओमप्रकाशची बाजू आता वर आहे. पुंडलिक नेहमी उजव्या काठाले बसते, जिथं त्याच्या मायचं बोलणं तुटलं होतं. त्याले ते माईत नाही. तो चहा पिते, आणि मी त्याचं वजन धरून ठिवतो.