वहीची मागची बाजू

“नाही म्हणजे नाहीच आहे, आजोबा. मी काय पदराखाली लपवून ठेवलाय?”

नगरपालिकेच्या अभिलेख कक्षातल्या बाईंनी कागद खिडकीतून परत सरकवला. चावीवाल्यांनी तो पुन्हा वाचला. ‘शिंप्याच्या दुकानासमोरील पाण्याच्या व्हॉल्व्हची नोंद नकाशात अथवा नोंदवहीत आढळून येत नाही.’ खाली सही, शिक्का, सगळं रीतसर.

चौतीस वर्षं त्यांनी या शहराचं पाणी सोडलं आणि बंद केलं. कमरेएवढी लोखंडी चावी खांद्यावर टाकून फिरायचे, म्हणून नावच चावीवाले पडलं. निवृत्त होऊनही आता बारा वर्षं झाली होती. गल्लीच्या टोकाच्या घरांना दोन महिने पाणी पोचेना, तेव्हा ते आपणहून इंजिनिअरकडे गेले. शिंप्याच्या दुकानासमोर नव्या रस्त्याखाली एक व्हॉल्व्ह गाडला गेलाय, तो अर्धवट बंद राहिला असणार, असं त्यांनी सांगितलं. इंजिनिअर वयाने लहान, पण बोलायला नम्र होता. “काका, जे कागदावर नाही ते जमिनीत आहे म्हणून रस्ता कसा फोडू?” म्हणाला.

घरी मुलगा हसला. “स्वप्नात बघितला असेल बाबांनी.” मागाहून तो बायकोशी हळू आवाजात बोलला, तेही चावीवाल्यांच्या कानावर पडलंच. “यांना आता एकटं बाहेर सोडू नकोस.”

मुलाला दोष देण्यात अर्थ नव्हता. गेल्या महिन्यात ते दोनदा आपला जिना सोडून शेजारच्या जिन्याने वर गेले होते. पाण्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज केला, असं ते सगळ्यांना सांगत. ते खरंही होतं. पण आतून त्यांना दुसरीच धास्ती होती. व्हॉल्व्ह नसलाच, तर आपल्या डोक्यातलं आणखी काय काय नसेल?

“आम्हाला वही बघू द्या,” सोबत आलेली सून खिडकीतून म्हणाली. “स्वतः बघता येते ना?”

“येते की. हा फॉर्म भरा. पण धूळ खायची तयारी ठेवा.”

चावीवाल्यांनी पेन काढलं. “आज तारीख किती गं?”

“सतरा.”

बसथांब्यावरही त्यांनी तेच विचारलं होतं.

बाईंनी वही टेबलावर आणून आपटली. जाड पुठ्ठा, कडा झिजलेल्या. पहिलं पान उघडलं आणि चावीवाल्यांना आपलंच अक्षर दिसलं. शाळेची टाकी, ५.१० सुरू, ६.०७ बंद. सात काढताना ते आत भलंमोठं वेटोळं घालत. त्यांना काम शिकवणारा मिस्त्री म्हणायचा, ‘अरे, तुझ्या सातात मांजर झोपेल.’

ते एकेक पान उलटत गेले. शाळा, बाजार, दवाखाना, पूल. तेरा व्हॉल्व्ह, रोज तेच तेरा. शिंप्याचं दुकान कुठेच नव्हतं. वर्ष संपलं, नोंदी संपल्या, पुढे कोरी पानं लागली.

“मीपण इथपर्यंतच बघितलं,” बाई म्हणाल्या. आता त्यांचा आवाज मऊ झाला होता. “होतं हो असं. माझ्या सासूबाई रोज एका विहिरीचं सांगतात. आमच्याकडे विहीर कधी नव्हतीच.”

सुनेने पाण्याची बाटली पुढे केली. “बाबा, निघायचं का? उन्हं चढायच्या आत घरी जाऊ.”

“चल,” ते म्हणाले. मुलाला काय सांगायचं, ते त्यांनी मनात जुळवायलाही घेतलं. मग त्यांनी वही मिटली.

मिटली, आणि त्यांच्या हातांनी ती उचलून पालथी केली, वरची कड खाली फिरवली आणि मागचा पुठ्ठा उघडला. मनाला विचारायला हात थांबलेच नाहीत.

पान भरलेलं होतं. सगळ्यात वर मिस्त्रीचं ठसठशीत अक्षर: ‘शिंप्याचे दुकान. हा उलटा फिरतो. जबरदस्ती करू नये.’ त्याखाली ओळीमागून ओळी चावीवाल्यांच्या होत्या. ५.४० सुरू, ६.२७ बंद. प्रत्येक सातात मांजर झोपेल एवढी जागा.

“अगं बाई,” बाई खुर्चीवरून उठल्या. “हे मागून का लिहिलंय?”

“तो एकटाच उलटा होता,” चावीवाले सावकाश सांगू लागले. “बाकीचे डावीकडे फिरवले की उघडायचे. हा डावीकडे फिरवला की आवळायचा. नव्या माणसाने झोपेच्या डोळ्यांनी जोर लावला तर दांडाच तुटणार. मिस्त्रीने म्हणून नियम केला. याची नोंद वही उलटी करून लिहायची. वही फिरवली की हाताला आठवण राहते.”

“तेवीस वर्षं मी या वह्या सांभाळतेय,” बाई म्हणाल्या, “पण पालथी घालून कोणी वाचली नव्हती. साहेबांना सांगायला हवं, आमचं रेकॉर्ड दोन्हीकडून सुरू होतं.”

सून खुदकन हसली. मग तिने मोबाइल काढून पानाचा फोटो घेतला आणि नवऱ्याला पाठवला. खाली लिहिलं, ‘स्वप्नाचा पुरावा.’ थोड्या वेळाने उत्तर आलं. ते तिने मोठ्याने वाचलं. “बाबांना म्हणावं, चुकलो. इंजिनिअरकडे मी बरोबर येतो.”

“येऊ दे,” चावीवाले म्हणाले. “चावी जड असते. उचलायला कोणीतरी हवंच.”

बाईंनी पानाची नक्कल काढली, ‘खरी नक्कल’ असा शिक्का नीट दाबून मारला, शाईवर फुंकर घातली. मग पोचवही पुढे केली. “इथे सही करा काका. आणि तारीख.”

आजोबांचे काका झाले, हे चावीवाल्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांना बरं वाटलं. त्यांनी झोकात सही केली. मग पेन कागदावर थोडा वेळ तसंच टेकून राहिलं.

“आज तारीख किती गं?”

सुनेने त्यांच्याकडे पाहिलं. मग पहिल्यांदाच कोणी विचारावं आणि पहिल्यांदाच सांगावं, तशी ती म्हणाली, “सतरा, बाबा.”

त्यांनी एक काढला. मग सात, आत भलंमोठं वेटोळं घालून, घाई न करता.