साळूबाईंच्या नावाची शिष्यवृत्ती

नांद्यातली आपल्या वाट्याची जमीन विकल्यावर साळूबाईंनी विद्यापीठात शिकणाऱ्या एका मुलीला दरवर्षी शिष्यवृत्ती द्यायचं ठरवलं. दीर जयसिंगची त्याला ना नव्हती.

"फकस्त नाव आबांचं देऊ, वहिनी. घराण्याचं नाव व्हईल."

आबा म्हणजे साळूबाईंचे सासरे. लग्नानंतर साळूबाईंनी पुढं शिकायचा विषय काढला, तेव्हा आबांनी त्यांची पुस्तकं बंबात घातली होती.

"न्हाई भावजी. नाव माझं लागंल."

"जित्या माणसाचं कुणी देतं का? लोक हसतील."

"हसू द्या. मेल्यावर मला कुटं बघाय मिळणार हाय?"

जयसिंगने बोलणं टाकलं. विद्यापीठातल्या शिष्यवृत्ती वाटपाच्या कार्यक्रमाला साळूबाई एकट्याच एसटीनं गेल्या. निवेदकाने सवयीनं 'कैलासवासी साळूबाई' असं वाचलं आणि त्या पहिल्या रांगेतून उठून थेट माईकपाशी गेल्या.

"कैलासवासी न्हाई, नांद्यात ऱ्हाती मी."

सभागृह हसलं, त्याही हसल्या. शिष्यवृत्ती मिळालेली ताम्हिणीची दीपाली पाया पडायला वाकू लागली, तशी साळूबाईंनी तिला दंडाला धरून सरळ केलं.

"वाकू नगं. फोटो काढत्यात, ताठ उभी ऱ्हा."