चार तासांची कृपा

घड्याळजीचा थरथरणारा हात महाराजांच्या मंतरलेल्या पुडीने पाऊण तासात शांत झाला, तेव्हा सभागृहातल्या दोनशे माणसांनी हात जोडले.

"औषधं म्हणजे विष," महाराज म्हणाले. "पुडी मात्र उपाशीपोटी घ्या. भरल्या पोटी कृपा उतरत नाही."

घड्याळजीची मुलगी मागे उभी होती. औषधाच्या दुकानात तिने बारा वर्षं गोळ्या मोजून दिल्या होत्या. वडिलांनी, आप्पांनी, मात्र आपल्या कंपवाताच्या गोळ्या महिन्यापूर्वी सोडल्या होत्या. या आजारात हालचाली सांभाळणारं डोपामाइन हे रसायन बनवणाऱ्या मेंदूतल्या पेशी मरतात आणि त्यात खुद्द डोपामाइनचाही हात असतो, असं त्यांनी वाचलं होतं. गोळी तर डोपामाइनच वाढवायची. वाचलेलं अर्धं खरं होतं. घात तिथेच झाला.

दुरुस्त केलेलं घड्याळ किती पुढे-मागे पडतं, ते आप्पा वहीत टिपत. सवयीने त्यांनी स्वतःचा हातही टिपला होता.

"वाच," घरी आल्यावर ते म्हणाले. "देवसुद्धा वेळेचा पक्का आहे."

पुडी सुरू केल्यापासूनच्या पाच दिवसांच्या नोंदी होत्या. पुडीनंतर पाऊण तासाने हात थांबे, चार तासांनी त्याला पुन्हा थरथर सुटे.

"तुमच्या गोळीचंही हेच वेळापत्रक होतं ना?"

आप्पांनी वही मिटली.

"भिंग लावा. पुडी उघडा."

"देवाची झडती घेतेस?"

"महाराजांची."

आप्पांनी चिमट्याने पूड पसरली. हात जराही हलला नाही. एका कणावर गोळीच्या मधल्या खाचेचा भाग शाबूत होता. त्याच खाचेवर त्यांनी वर्षभर रोज गोळी मोडली होती.

"नीट कुटलंसुद्धा नाही," ते म्हणाले. "असलं ढिसाळ काम मी खपवून घेतलं नसतं."

"या गोळीचं मेंदूत डोपामाइन होतं, म्हणून हात थांबतो. भरल्या पोटी ती नीट शोषली जात नाही, म्हणून कृपा उपाशी. पुडीत गोळी किती, ते कुटणाराही सांगू शकणार नाही."

"आणि पेशी?"

"पेशीच्या आत डोपामाइन आपल्या कप्प्यातून सांडलं, तर तिला घातक ठरू शकतं. पण गोळीने पेशी जास्त मरतात, असं रुग्णांत दिसलेलं नाही."

"मग गोळीने वाचतील?"

"नाही."

"कशाने वाचतील?"

"अजून कुणालाच ठाऊक नाही, आप्पा."

"महाराजांना विचारलं असतं, तर लगेच सांगितलं असतं."

दुसऱ्या दिवशी तिने सभागृहात वही दाखवली, भिंग फिरवलं. "पुडीत औषधाचीच गोळी कुटली आहे. आणखी काय आहे, किती आहे, ते विचारा. जो सांगत नाही, त्याच्या हातचं घेऊ नका," ती म्हणाली.

लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग पहिल्या रांगेतला शिंपी कौतुकाने म्हणाला, "म्हणजे महाराजांना डॉक्टरकीही येते."

पुडीसाठीची रांग पुढे सरकली.

घरी आप्पांनी आपली गोळी मोजून घेतली होती. चार तासांनी हाताला पुन्हा थरथर सुटली. त्यांनी वेळ टिपली. अक्षर वाकडं आलं; वेळ अचूक होती.