विचारायची भीती

रविवारी दुपारी ताई भावाकडे जेवायला आल्या होत्या. ताटं वाढून झाली, तरी त्याची पोर काही खोलीबाहेर येईना.

“सगळी नाटकं आहेत!” भाऊ हातातला घास तसाच ठेवून म्हणाला. “आम्ही असं तोंड पाडून बसलो असतो ना, तर एक थोबाडीत बसली असती आणि दुखणं दाराबाहेर पळालं असतं!”

“वयच असतं हो तसं,” वहिनी म्हणाली. “ताई, तुमचा तर हाच अभ्यास. तुम्हीच सांगा तिला चार गोष्टी.”

ताई विद्यापीठात प्राध्यापिका होत्या. वाढत्या वयात मुलांचं मन कसं घडतं, कुठे दुखावतं, कुठे अडून बसतं, याच्या संशोधनात त्यांनी उभी हयात घातली होती. शाळाशाळांतून मुलं त्यांच्या विभागात येत. ताई आणि त्यांचे विद्यार्थी त्यांच्याशी निवांत बोलत, पुढच्या वर्षी पुन्हा त्याच मुलांना भेटत. परिषदेत ताईंचं भाषण असलं की उशिरा येणाऱ्याला खुर्ची मिळत नसे. पण भावाच्या घरी त्या फक्त वरच्या मजल्यावरच्या आत्या होत्या.

भाची पंधरा-सोळा वर्षांची. तोंड सतत चालू, म्हणून लहानपणापासून तिला सगळे टकळीच म्हणायचे. गेले काही आठवडे मात्र ती हो-नाहीच्या पलीकडे बोलत नव्हती.

ताई खोलीत गेल्या. पडदे ओढलेले होते. चित्रकलेच्या सामानाने कायम भरलेलं टेबल आज लख्ख रिकामं होतं.

“रंग कुठे गेले गं तुझे?”

“शेजारच्या छोटीला दिले.”

“सगळे? ब्रशसुद्धा?”

“मला आता काय करायचेत?”

जिवापाड जपलेल्या वस्तू पोर अशा वाटून टाकतं, तेव्हा काय समजायचं, हे त्या दरवर्षी वर्गात शिकवत. त्यानंतर कोणता प्रश्न विचारायचा, तेही शिकवत. परक्या मुलांना तो त्यांनी कितीदा तरी शांतपणे, डोळ्यांत पाहून विचारला होता. आता तोच प्रश्न त्यांनी गिळून टाकला.

“चल, जेवून घे. गार होतंय,” एवढंच त्या बोलल्या.

निघताना त्यांनी भावाला जिन्यात गाठलं. “मला हिच्याबद्दल भीती वाटते रे. कुणीतरी तिला सरळ विचारायला हवं. जिवाचं बरंवाईट करायचं तर मनात नाही ना, म्हणून.”

भावाचा चेहरा पांढराफटक पडला, आणि मग लालबुंद झाला. “तोंड सांभाळ, ताई! डोक्यात नसलेलं भरवशील तिच्या! उद्या बाहेर कळलं तर लोक तिला वेडी ठरवतील. ती माझी मुलगी आहे, तुझ्या प्रयोगातला उंदीर नाही!”

एवढ्या मोठ्या संशोधक ताई, पण धाकट्या भावाचा शब्द मोडून त्या पुन्हा आत गेल्या नाहीत. वर जाऊन त्यांनी दार लावलं. खालच्या घरात कुठे काही आपटलं, की त्या दचकत होत्या.

सोमवारी विभागात पोचताच त्यांनी आपल्या जुन्या मार्गदर्शकांना गाठलं. निवृत्त झाल्यावरही सर ग्रंथालयात येऊन बसत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“विचारल्याने हा विचार डोक्यात शिरत नाही, हे तूच आम्हाला सांगत आलीस ना?”

“हो सर. पण तिला विचारायला मला धीर होत नाही.”

“प्रश्नाला तू घाबरत नाहीस, पोरी. तुला भीती आहे उत्तराची. ती ‘हो’ म्हणाली तर काय, याची.” सरांनी चष्मा काढला. “पण ‘हो’ असेल, तर ते तू विचारलंस म्हणून होणार नाही. ते आधीच तिच्या मनात आहे आणि ती एकटीच ते सोसते आहे. तुझी भीती मोठी की तिची?”

ताई उठल्याच. तेवढ्यात फोन वाजला.

“ताई, टकळी शाळेत पोचलीच नाही हो!” वहिनीला शब्द फुटत नव्हते. “फोनही घरीच टाकून गेलीय, निळी पिशवी तेवढी नेलीय!”

भाऊ पोलीस चौकीत गेला. वहिनी इमारतीची गच्ची पाहून आली. ताई कालव्याच्या रस्त्याने निघाल्या. दिसेल त्याला विचारत होत्या, निळी पिशवी घेतलेली मुलगी पाहिलीत का? कठड्यापाशी दोन-चार माणसं खाली वाकून बघत होती. ताईंना पुढे पाऊल टाकवेना. छातीवर हात धरून त्या जवळ गेल्या. एकाची टोपी पाण्यात पडली होती, एवढंच! ताई तिथेच फुटपाथवर मटकन बसल्या.

पुन्हा फोन. विभागातल्या स्वागतिका बाई होत्या. “मॅडम, बाकावर एक मुलगी केव्हाची बसलीय. आज बोलावलेल्यांपैकी दिसत नाही. नाव विचारलं तर म्हणते, मी थांबते.”

“निळी पिशवी आहे?”

“आहे.”

“तिच्याशेजारी बसा! मी येईपर्यंत हलू नका!”

टकळीच होती ती! ताईंनी आधी भावाला कळवलं, मग तिला आतल्या खोलीत नेलं.

“इथे कशी आलीस, बाळा?”

“तू इथे येणाऱ्या मुलांना सगळं विचारतेस ना, आत्या?” ती खाली मान घालून म्हणाली. “म्हटलं, इथे येऊन बसले तर मलाही विचारशील.”

या वेळी ताईंनी प्रश्न गिळला नाही.

“मरावंसं वाटतं का तुला?”

ती म्हणाली, “हो.” आणि ते बोलल्याबरोबर हमसून हमसून रडायला लागली. “काही झालेलं नाही गं. कुणी काही केलेलं नाही. तरी सकाळी डोळे उघडले की सगळं नको वाटतं. बाबांना सांगितलं तर नाटकं म्हणतील.”

दार कधी उघडलं, ते दोघींनाही कळलं नाही. भाऊ दारात उभा होता. ओरडायचं म्हणूनच तो जिने चढून आला होता. पण त्याने शेवटचं वाक्य ऐकलं होतं! तो तिच्यासमोर जमिनीवर बसला.

“नाटकं नाही म्हणणार,” तो कसाबसा बोलला. “पुन्हा कधीच नाही म्हणणार. मी घाबरलो होतो गं!”

त्याच दिवशी ते तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे घेऊन गेले. ताईंनी स्वतः उपचार केले नाहीत. रक्ताच्या नात्यात ते जमत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. औषधं सुरू झाली, बोलणं सुरू झालं. काही दिवस तिला कुणी एकटं सोडलं नाही. सुधारणा काही एका रात्रीत झाली नाही. बरे दिवस येत, पुन्हा वाईट येत. वाईट दिवशी ती आता सांगते, आणि घरातले ऐकतात.

पुढे शाळेच्या पालकसभेत ताईंचं व्याख्यान झालं. ते संपल्यावर एका आईने विचारलं, “पण विचारलं आणि मूल ‘हो’ म्हणालं तर?”

ताई उत्तर देणार, तोच मागच्या रांगेतून भाऊ उठला. चार माणसांत कधी न बोललेला माणूस! आवाज कापत होता.

“तर त्याच्याजवळ बसा. हात सोडू नका. आणि डॉक्टरांकडे घेऊन जा, जसं ताप आल्यावर नेता तसंच. लोक काय म्हणतील ते म्हणू द्या. आपलं पोर आपल्यासमोर आहे, याहून मोठं काय आहे?”

मंडळी, आपल्यापैकी कित्येक घरांत आज एक दार लोटलेलं असेल. आत काय चाललंय, याची धास्ती आपल्याला आहे. पण आत बसलेलं लेकरू आपल्याहून जास्त घाबरलेलं आहे. विचारा. आवाज कापला तरी चालेल, पण विचारा.