पेस्टुमचं तान्हं बाळ

दारात डामिस उभा! माझ्या हातातली ऑलिव्हची टोपली धाडकन खाली पडली. माझा सख्खा भाऊ हो! समुद्रापलीकडून आमच्या मदतीला आलेल्या ग्रीक राजाच्या फौजेबरोबर रोमवाल्यांशी लढायला गेला आणि मेला, असा निरोप आला होता. रिकामी कबर बांधून, त्याला तीनदा हाका मारून आम्ही रडून मोकळे झालो होतो.

"अगं, बघत काय बसलीस? पाणी दे."

"आधी सांग, माणूस आहेस की भूत?" मी किंचाळले.

आई धावत आली आणि उंबऱ्यातच त्याला आडवी आली. "आत पाऊल टाकू नकोस, बाळा! तुझे विधी झालेत. आधी पुन्हा जन्माला ये."

आमच्यात तसंच असतं. ज्याचं मर्तिक झालं त्याला ना देवळात थारा, ना घरात. तान्ह्या बाळासारखं न्हाऊ घालून, दुपट्यात गुंडाळून आईनं त्याला छातीशी धरायचं. मग बापानं त्याचं नाव आणि गाव पुकारलं, की तो जिवंत.

दाराबाहेरच आम्ही त्याला न्हाऊ घातलं, दुपट्यात गुंडाळलं.

"बाई बाई, केवढी ही दाढी बाळाला!" शेजारीण म्हणाली. आई हसतही होती, रडतही होती.

तेवढ्यात नोवियस आला. रोमवाल्यांनी आमचं पोसिडोनिया गाव जिंकून त्याचं नाव पेस्टुम ठेवलं, तेव्हापासून वेशीवर पहारा याचा. राजाच्या फौजेतला कुणी सापडला की थेट बेड्या.

"हा कोण? कुठला?"

पेस्टुम हा शब्द बाबांनी कधी तोंडातून काढला नव्हता. मी एकदा बाजारात बोलून गेले, तर महिनाभर अबोला! आता हे हट्टी म्हातारं पोसिडोनिया म्हणणार आणि पोरगं हातचं जाणार.

बाबांनी डामिसच्या डोक्यावर हात ठेवला.

"हा आजच जन्मलाय. डामिस, लाम्पोनचा मुलगा. गाव..." त्यांनी एकदा वेशीकडे पाहिलं. "गाव पेस्टुम."

मी सुन्न झाले. माझे बाबा? हे बोलले? ज्या गावासाठी डामिस मरायला निघाला होता, त्याचं नाव बापानंच पुसलं होतं, आणि तेही त्याला जगवायला. दुपट्यातला डामिस बाबांकडे बघत राहिला, मग हमसून हमसून रडायला लागला.

नोवियस हसला. "रडलं ना? मग बाळ चांगलं जगेल," म्हणाला आणि निघून गेला.