चालकाचा पट्टा उघडा

मास्तरांचा ट्रक चौकात झोपायचा आणि उठायचा नाही. ही गोष्ट गावभर होण्याआधी मिटवावी म्हणून मास्तर गॅरेजच्या खेपा घालत होते.

झोपण्यात तसं काही वावगं नव्हतं. ट्रकला ती सोयच होती. सिग्नलला उभं राहून गिअर काढला आणि क्लचवरचा पाय उचलला की इंजिन आपलं आपण बंद व्हायचं. क्लच दाबला की आपलं आपण सुरू. तेवढंच डिझेल वाचतं. पण मास्तरांच्या ट्रकला आठ-दहा दिवसांतून एकदा लहर यायची. सिग्नल हिरवा व्हायचा, मास्तर क्लच दाबायचे आणि इंजिन ढिम्म. समोर अक्षरं उमटायची, चावी फिरवा. मागे हॉर्नचा नुसता गदारोळ. एकतीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवलेला माणूस हा. शहरातल्या निम्म्या ड्रायव्हरांच्या हातात पहिल्यांदा स्टिअरिंग देणारा. आणि त्याचेच विद्यार्थी शेजारून जाताना काच खाली करून विचारायचे, "काय मास्तर, क्लच लवकर सोडला का?"

स्कूल बंद केल्यावर मास्तरांनी हा छोटा ट्रक सेकंडहँड घेतला होता, जावयाच्या कारखान्यातली कपाटं आणि टेबलं पोचवायला. रिकामं बसलं की माणूस गंजतो, असं ते लोकांना सांगत. खरं म्हणजे घरात ते बायकोच्या पायात पायात यायला लागले होते आणि तिनेच त्यांना बाहेर काढलं होतं. ती स्वतः एकदाच ट्रकमध्ये बसली, दोन वळणांत तिला मळमळलं आणि पुन्हा तिने त्या पायरीवर पाय ठेवला नाही.

ट्रक विकला होता त्यांच्याच एका विद्यार्थिनीने. तिला सगळे फौजदार म्हणत. शिकत असताना ही बाई दुसऱ्यांच्या गाडीचेही आरसे तपासायची, तेव्हापासून ते नाव चिकटलं. बारा वर्षं तिने ट्रक चालवले आणि वर्षापूर्वी जुने ट्रक घेऊन, नीटनेटके करून विकायचा धंदा सुरू केला. मास्तरांना दिलेला ट्रक तर तिने स्वतः तीन वर्षं चालवलेला होता.

गॅरेजवालाही तिच्याच तुकडीतला. झोपेतसुद्धा त्याच्या खिशात पाना असतो अशी थट्टा व्हायची, म्हणून त्याचं नावच पाना पडलं. जुना ट्रक घेणारा माणूस आधी पान्याला विचारायचा. पाना म्हणायचा, "फौजदारकडचा ना? घ्या डोळे झाकून." फौजदारचा अख्खा धंदा या एका वाक्यावर उभा होता, आणि ते तिलाही माहीत होतं.

तर पान्याने आधी बॅटरी बघितली. दिवसातून पन्नास वेळा इंजिन उठवायचं तर दमाची बॅटरी लागते. ती दमाची निघाली. मग बॅटरीच्या टोकाशी बसणारा सेन्सर बदलला. मग क्लचखालचा स्विच. मग बॉनेटचा स्विच, कारण बॉनेट उघडं आहे असं ट्रकला नुसतं वाटलं तरी तो आपणहून सुरू होत नाही, कुणाचा हात आत असेल म्हणून. प्रत्येक वेळी पाना म्हणायचा, झालं काम. प्रत्येक वेळी आठवडा उलटला की मास्तर पुन्हा चौकात. बटण दाबून ती सोयच बंद करून टाका, असंही तो एकदा म्हणाला. गाडीत जे दिलंय ते चाललं पाहिजे, असं मास्तरांनी त्याला सुनावलं. शिकवायची खोड जात नाही माणसाची.

चौथ्या खेपेला पान्याने स्कॅनर आणला. इंजिन न उठल्याच्या त्या त्या क्षणी काय घडलं होतं, त्याची नोंद ट्रक स्वतःपाशी ठेवतो. ती त्याने वाचली आणि पोट धरून हसला. ट्रक आठदा अडला होता आणि आठही वेळा एकच ओळ होती. चालकाचा पट्टा उघडा.

त्याने सगळ्यांना समजावून सांगितलं. इंजिन झोपलेलं असताना ड्रायव्हरने सीटबेल्ट सोडला, तर ट्रक समजतो की हा माणूस खाली उतरतोय. मग तो आपणहून सुरू होत नाही, चावी मागतो. बाकावर दोन ड्रायव्हर चहा पीत बसले होते. त्यांच्याकडे बघून पाना म्हणाला, "ऐका. मशीन म्हणतंय मास्तर पट्टा लावत नाहीत. एक वेळ सूर्य पश्चिमेला उगवेल." ते दोघंही हसले. मास्तरही हसले.

बोलायचं असतं तर तिथेच बोलायचं होतं.

कारण मशीन खरं सांगत होतं. मास्तर पट्टा लावत नव्हते. आधी हात पट्ट्याकडे, मग चावीकडे, हे वाक्य ज्यांनी स्कूलच्या भिंतीवर वीतभर अक्षरांत रंगवून घेतलं होतं, तेच मास्तर. वर्षापूर्वी त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं आणि पट्टा टाक्यांच्या जागी रुतायला लागला. डॉक्टरांनी साधा उपाय सांगितला, मध्ये छोटी उशी ठेवा. बायकोने हौसेने उशी शिवली, वर दोन फुलंही काढली. पहिल्याच दिवशी पंपावर एका पोरट्याने आत डोकावून विचारलं, बाळ कुठंय मास्तर? झालं. उशी कपाटात गेली आणि पट्टा पाठीमागे. मग पट्टा लावला नाही म्हणून ट्रक टिंगटिंग करायला लागला, तेव्हा त्याचं तोंड बंद करायला मास्तरांनी एक क्लिप आणली. पट्ट्याच्या टोकाला जसं लोखंडी पातं असतं तसं नुसतं पातंच. ते खाचेत खुपसलं की ट्रकला वाटतं, माणूस बांधलेला आहे. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, जिथे त्यांना कुणी ओळखत नव्हतं तिथे जाऊन ती त्यांनी घेतली. गॅरेजच्या अलीकडच्या गल्लीत थांबून ती ते काढून ठेवायचे आणि पट्टा लावून रुबाबात आत शिरायचे. त्यामुळे पान्याने खाच तपासली की ती नेहमी ठणठणीत निघायची.

इंजिन बंद होताना ट्रकला जो हिसका बसतो, त्याने ती परकी क्लिप कधीतरी किंचित हलत होती. आजार एवढाच होता. स्कॅनरवरची ओळ ऐकली त्याच क्षणी मास्तरांना तो कळला. त्यांचे कान तापले. आणि घरी जाऊन या शहाण्या माणसाने काय केलं, तर क्लिपला कागदाची घडी लावून ती घट्ट बसवली. लाजेपुढे अक्कल कशी गहाण पडते बघा.

घडी नऊ दिवस टिकली. दहाव्या दिवशी ट्रक पुन्हा चौकात झोपला, मागे बस आणि बसमध्ये उभी माणसं.

पान्याने आता ट्रकच्या पोटात हात घातला. सीटखालचं मॅटिंग उपसलं, वायरी मोकळ्या केल्या. एका कोपऱ्यात वाळलेला गाळ होता आणि दोन बोल्ट गंजलेले. तो उठला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. ही गाडी पाण्यात बुडालेली आहे, तो म्हणाला, म्हणूनच मशीन भलतंसलतं बोलतंय. मास्तर चाचरत म्हणाले की गाळ बुटांचाही असेल. तुम्ही फार भोळे, असं पान्याने त्यांना सांगितलं. "दुसऱ्या कुणाला फसवलं असतं तर समजलो असतो. तिने तुम्हाला फसवलं, मास्तर."

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. फौजदारकडचा एक ट्रक बघून ठेवलाय, घेऊ का, असं विचारत होतं. पान्याने मास्तरांकडे पाहिलं, मग त्या माणसाला म्हणाला, "थांबा जरा. दुसरीकडे बघा." माणूस मान हलवून निघून गेला. मास्तर दोन हातांच्या अंतरावर उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं.

पान्याने फौजदारला बोलावून घेतलं. ती अर्ध्या तासात आली. गाडी पाण्यात कधीच गेली नाही, हे तिने शांतपणे सांगितलं. पान्याने गाळ दाखवला. वाळूच्या खाणीवर तीन वर्षं माल वाहिलाय, ती म्हणाली, गाळ असणारच. पाना काही ऐकायला तयार नव्हता. मग ती म्हणाली की मला एकदा चालवून बघू दे, आणि चढून बसली. ती बुटकी. सीट पुढे घ्यायला तिने खालच्या दांडीसाठी हात घातला, आणि हात वर आला तो क्लिप घेऊन. त्या सकाळी गल्लीत मास्तरांनी ती घाईघाईने उपटली होती, हातातून निसटली आणि सीटच्या पोटात त्या दांडीमागे अडकली, ती ना त्यांना मिळाली ना मॅटिंग उपसणाऱ्या पान्याला.

"काय सापडलं?" पान्याने विचारलं.

फौजदारने क्लिप हातावर उलटीसुलटी केली. मग तिने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर पुढच्या टायरकडे बघत होते. त्या टायरमध्ये बघण्यासारखं काहीही नव्हतं.

"माझी असेल," ती म्हणाली. "जुनी. राहिली असेल खाली."

पान्याने क्लिप तिच्या हातातून जवळजवळ हिसकावली. आता त्याला सगळा उलगडा झाला, किंवा झाला असं वाटलं. ही परकी क्लिप वर्षानुवर्षं घालून घालून खाचेचं तोंड सैल झालं, आणि आता मास्तरांचा खरा पट्टाही त्यात नीट धरत नाही. पाण्यात बुडवण्यापेक्षा हे बरं, पण लाज वाटायला हवी, असं तो म्हणाला. आणि मग त्याने तिला झाडलं. आधी हात कुठे, मग कुठे, हे विसरलीस का? कुणाकडे शिकलीस तू? त्या माणसासमोर उभी आहेस. बाकावरच्या ड्रायव्हरांनीही माना वळवल्या. फौजदार खाली मान घालून ऐकत राहिली. नवी खाच मी देते बसवून, एवढंच म्हणाली.

काहीतरी बोललं पाहिजे म्हणून मास्तर बोलले. आणि जे बोलले ते आठवून त्यांना पुढे कित्येक दिवस जेवण गोड लागलं नाही.

"जाऊ दे आता," ते म्हणाले. "होते चूक माणसाकडून. मी काही मनात ठेवणार नाही."

"हो मास्तर," ती म्हणाली आणि गेली.

दुपारपर्यंत नवी खाच बसली. मास्तर पट्टा लावून निघाले. पट्टा टाक्यांवर रुतत होता आणि तो रुततोय हे त्यांना बरंच वाटत होतं. पहिल्या सिग्नलला ट्रक झोपला आणि उठला. दुसऱ्यालाही उठला. तिसऱ्या सिग्नलला मास्तरांच्या लक्षात आलं की आता ट्रक कधीच चौकात अडणार नाही, कुणाला कधी काही कळणार नाही, आणि फौजदार आयुष्यभर तीच राहील, जिने मास्तरांना फसवलं आणि मास्तरांनी मोठ्या मनाने माफ केलं. त्यांना स्वतःची किळस आली. त्यांनी ट्रक वळवला.

गॅरेजमध्ये पाना तीच गोष्ट तिसऱ्या एका ड्रायव्हरला रंगवून सांगत होता. मास्तर सरळ त्याच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले की क्लिप माझी होती, मीच लावायचो, ऑपरेशन झाल्यापासून.

पान्याचे डोळे भरून आले. त्याने चक्क हात जोडले.

"बघा," तो बाकावरच्यांना म्हणाला. "तिची अब्रू वाचवायला स्वतःवर घेतायत. असा माणूस मिळणार नाही."

मास्तरांनी पुन्हा सांगितलं. पाना मान हलवत हसला. तिसऱ्यांदा सांगितलं, तर ड्रायव्हर उठून त्यांच्या पाया पडायला आला. एकतीस वर्षं मिळवलेली अब्रू अशी अंगाला चिकटली होती की ओरबाडूनही निघेना. शेवटी मास्तर ट्रकमध्ये चढले, कप्पा उघडला आणि प्लॅस्टिकचं एक पाकीट आणून पान्याच्या हातावर ठेवलं. त्यात तशीच दुसरी क्लिप होती, नवी कोरी. "दोनची जोडी येते," ते म्हणाले.

पान्याने दोन्ही क्लिपा शेजारी शेजारी धरल्या. एकीवरचाच शिक्का दुसरीवर होता. मग तो म्हणाला, "सकाळच्या गिऱ्हाइकाला मी काय सांगितलं, ते तुम्ही ऐकलं होतं."

"हो."

"इथेच उभे होता तुम्ही."

"हो."

त्यानंतर त्याच्या तोंडी 'मास्तर' हा शब्द आला नाही. त्याने खिशातून फोन काढला, फौजदारला लावला, स्पीकर चालू केला आणि फोन मास्तरांच्या हातात दिला. पलीकडून तिने विचारलं की नवी खाच नीट चालतेय ना.

"मी बोलतोय," मास्तर म्हणाले. "ती क्लिप माझी होती. तू शिव्या खाल्ल्यास आणि मी ऐकत उभा राहिलो. वर तुला माफ केलं."

"क्लिप माझी नव्हती, म्हणजे तुमचीच असणार, हे मला हातात आली तेव्हाच कळलं," ती म्हणाली. "मला वाटलं, मी माझी म्हटलं की तुम्ही लगेच नाही म्हणाल. म्हणून तर म्हटलं, मास्तर. तो बोलत होता तेव्हा मी सगळा वेळ तुमची वाट बघत होते."

फोन मास्तरांच्या हातात चालूच होता, आणि बाकावरचं कुणी त्यांच्याकडे बघत नव्हतं.